उपग्रहाची उलटतपासणी

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रेलरोड व्हॅली नावाचं एक कोरडं सरोवर आहे. झाड नाही, झुडूप नाही. नुसता फिकट मातीचा सपाट पापुद्रा मैलोन् मैल पसरलेला. शेतकरी ज्या जमिनीकडे ढुंकूनही पाहणार नाही, तिथे १९९०च्या दशकापासून शास्त्रज्ञांचा राबता आहे. ७०५ किलोमीटर उंचीवरून जमिनीची चित्रं टिपत जाणाऱ्या लँडसॅट उपग्रहांची नजर ते इथे तपासतात.

उड्डाणाआधी प्रयोगशाळेत कॅमेऱ्याची कसून चाचणी झालेली असते. पण उड्डाणाचे हादरे आणि अवकाशातले अतिनील किरण यांमुळे त्याची संवेदनक्षमता बदलत जाते. उपग्रहावरचे चाचणीचे दिवेही जुने होतात. मग चित्रात जंगल विरळ दिसलं, तर ते खरंच विरळ झालं की कॅमेराच बिघडला, हे ठरवायला बाहेरचा साक्षीदार लागतो.

उपग्रह माथ्यावर येतो सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाजूचा चौरस. असे अनेक चौरस मावतील एवढा पट्टा आखून घेतात. पाठीवर वर्णपटमापक बांधलेला माणूस त्यावरून संथ चालीने येरझाऱ्या घालतो. मापकाची प्रकाशवाहक तार दांडीच्या टोकाला, अंगापासून लांब असते. स्वतःची सावली मोजमापात आली, की सगळं मुसळ केरात. मधूनमधून तो एका पांढऱ्याशुभ्र फलकापाशी थांबतो. फलक किती प्रकाश परतवतो हे आधीच ठाऊक असतं, त्यावरून मातीचा हिशेब लागतो. शेजारी दुसरं यंत्र थेट सूर्याकडे रोखून हवेतली धूळ आणि बाष्प मोजत असतं. या सगळ्या आकड्यांवरून उपग्रहाला किती प्रकाश दिसायला हवा होता ते काढतात आणि त्याने नोंदवलेल्या आकड्याशी ताडून पाहतात.

ऐन वेळी ढग आला, तर दिवस वाया.

म्हणून आता तिथे स्वयंचलित मापकंही बसवली आहेत. फ्रान्समधलं ला क्रो, नामिबियातलं गोबाबेब आणि चीनमधलं बाओतौ ही ठिकाणंही अशा स्वयंचलित मापकांच्या ‘रॅडकॅलनेट’ या जाळ्यात आहेत. इस्रोचे शास्त्रज्ञ कच्छच्या छोट्या रणात असंच काम करतात. मात्र पावसाळ्यात तिथे पाणी भरत असल्याने कोरड्या महिन्यांतच.

चित्र किती रेखीव येतं हे तपासायला मात्र कोरी जमीन चालत नाही, ठळक कडा लागतात. त्यासाठी फ्रान्समध्ये सालाँ-द-प्रोव्हान्सला काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवल्या आहेत. लँडसॅट-७च्या चाचणीत लुइझियानातल्या पाँचरट्रेन सरोवरावरचा सुमारे ३८ किलोमीटर लांबीचा जोडपूलच कामी आला.

रेलरोड व्हॅलीवर डोळा खाणवाल्यांचाही आहे, कारण जमिनीखाली लिथियम आहे. पृष्ठभाग उकरला तर मोजमापाचा आधारच जाईल, असं नासाने कळवलं. २०२३मध्ये सरकारने तिथली सुमारे ३६ चौरस मैल जमीन नव्या खाणदाव्यांसाठी बंद केली. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना हेच लिथियम लागतं, असं सांगत एका खाण कंपनीने विरोध केला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेतले नेवाडाचे सदस्य मार्क अमोडेई यांनी ही बंदी उठवण्यासाठी विधेयक आणलं.