सातबारावर मयत मालकाचं नाव? आधी वारस नोंद, मग इसार!

जमीन पसंत पडली, भावही जमला, पण सातबारावर अजून आजोबांचंच नाव! अशा वेळी एक रुपयाही इसार देऊ नका.

आधी वारस नोंद करून घ्यायला सांगा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देऊन तलाठ्याकडे अर्ज होतो. ई-हक्कवरून ऑनलाइनही होतो. मग नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. 2025 च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत राज्यभर हेच काम हाती घेतलं गेलं.

खरी मेख मुलींच्या नावात असते. "बहिणींना काही नकोय" हे भावाचं तोंडी आश्वासन कायद्यात शून्य! हिंदू कुटुंबात लग्न झालेल्या मुलीचाही हक्क मुलाइतकाच. तिला हिस्सा सोडायचाच असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर तिची सही. मयत मुलाची बायको-मुलंही विसरू नका. वारस अज्ञान असेल तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

मालकाने हयातीत दिलेलं साधं कुलमुखत्यारपत्र दाखवलं तर? ते सहसा त्याच्या मृत्यूबरोबरच संपतं.

आणि फेरफार मंजूर झाला तरी सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. जुने फेरफार नक्की काढून वाचा.