धीवर पक्षी

ओढ्याच्या काठी, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर एक लहानसा पक्षी बराच वेळ निश्चल बसलेला असतो. एकाएकी एक निळी रेघ चमकते, पाणी उसळते आणि क्षणार्धात तो चोचीत मासा धरून पुन्हा फांदीवर येतो. हाच धीवर. लोकभाषेत त्यास खंड्या म्हणतात. धीवर म्हणजे मासे धरणारा कोळी. तमिळ भाषेतील ‘मीनकोत्ती’ या नावाचा अर्थही मासा टिपणारा असाच आहे.

भारतात या पक्ष्यांच्या १२ जाती आढळतात. त्यांपैकी तीन सहज दृष्टीस पडतात. काळापांढरा कवड्या धीवर हवेत एकाच जागी पंख फडफडवीत राहतो व तेथूनच पाण्यात सूर मारतो. तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा, लाल चोचीचा मोठा खंड्या शेतातही दिसतो; कारण टोळ, सरडे व बेडूक यांवरही त्याचा निर्वाह चालतो. छोटा धीवर मात्र पाण्याशी जखडलेला आहे. त्याचीच माहिती येथे करून घेऊ.

हा पक्षी चिमणीहून किंचित मोठा, सुमारे १७ सेंटिमीटर लांबीचा असतो. शेपूट आखूड आणि चोच लांब, सरळ, खंजिरासारखी. नराची चोच काळी असते. मादीच्या चोचीची खालची बाजू तांबूस असते. पोटाचा नारिंगी रंग पिसांतील रंगद्रव्याचा आहे. पाठीच्या निळाईचे तसे नाही. पिसांच्या आत स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी असते. तिच्यावरून मुख्यतः निळा प्रकाश परततो आणि पाठ निळी दिसते.

पाण्यातून बाहेर येताना प्रकाशकिरण वाकतात. त्यामुळे मासा असतो त्याहून वर भासतो. हा फरक जमेस धरूनच धीवरास नेम साधावा लागतो. पाण्यात शिरताना एक पातळ पापणी त्याच्या डोळ्यांवर सरकते. धरलेला मासा तो फांदीवर आपटतो व डोक्याकडून गिळतो, म्हणजे मत्स्यपर घशात अडकत नाहीत. माशाचे डोके चोचीबाहेर राखून तो उडाला, तर तो घास मादीसाठी अथवा पिलांसाठी आहे असे समजावे.

घरट्यासाठी काठावरील मातीची उभी दरड लागते. नर व मादी चोचीने माती उकरून तीत पुष्कळदा मीटरभर लांबीचे बीळ खणतात. त्याच्या टोकाशी मादी बहुधा ५ ते ७ गोलसर, पांढरीशुभ्र अंडी घालते. अंधारात ती शत्रूच्या नजरेस पडत नाहीत. म्हणून त्यांना ठिपक्यांचे आवरण नसते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याच्या शिकारीस मनाई आहे. परंतु काठावर सिमेंटची भिंत उभी राहिली की बीळ खणावयास जागा उरत नाही, आणि पाणी गढूळ झाले की मासा दिसत नाही. मोठा खंड्या शेताकडे वळू शकतो. छोट्या धीवरास तो मार्ग नाही. म्हणून नदीची उघडी, ओबडधोबड दरड निरुपयोगी समजू नये. तेथील बिळाच्या तोंडाखाली पांढरे ओघळ दिसले, तर आत पिले असण्याचा संभव असतो. अशा वेळी दुरूनच पाहावे. आईबाप मासे घेऊन येताना दिसतील.