चार दिवसांचा रंग

मागच्या वैशाखात जालन्यातल्या एका लग्नात पंगतीला बसले होते. जिलेबी वाढणारा हात समोर आला आणि मी हाताकडेच बघत राहिले. हात ओळखीचा होता, रंग ओळखीचा नव्हता. वर पाहिलं तर माझे ब्लाउज शिवणाऱ्या ताई. त्यांच्या दोन्ही हातांवर कोड आहे. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत पांढरे पट्टे, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा गोल. मापं घेताना, टेप धरताना ते हात मी दहा वर्षं पाहत आले आहे. त्या दिवशी ते सगळे एकसारखे गव्हाळ होते.

"बरं झालं की हो ताई, डाग गेले!" मी बोलून गेले.

"गेले कुठले," त्या हळूच म्हणाल्या, "चार दिवस." आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

ते "चार दिवस" माझ्या डोक्यातून जाईना. आठवड्याने शिवायला टाकलेलं कापड आणायचं निमित्त करून जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घरी गेले. बोटांच्या पेरांवरचा रंग खपल्यांसारखा तुटला होता, अंगठ्याचा गोल पुन्हा पांढरा दिसत होता. मी विचारलं, हे कसं करता, मला बघायला मिळेल का? त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "या की. पण पुढच्या लग्नाच्या आधी या. पाणी येऊन गेलं की."

पाण्याचा काय संबंध, ते मला नंतर कळलं. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की टाकी, पिंप, घागरी भरायच्या आणि साठलेले कपडे एका दमात धुवायचे. साबणाच्या पाण्यात दोन तास घातलेल्या हातावर हा रंग टिकत नाही. म्हणून आधी नळ, मग धुणं, मग रंग. लग्नाची तारीख कळली की त्या मागे मोजत येतात: नळ कधी आला होता, आता कधी येईल, मधे चार दिवस मिळतात का.

ठरल्याप्रमाणे पुढच्या लग्नाच्या आधी गेले. रात्री साडेआठला मशीन बंद झालं. टेबलावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोशनची बाटली, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, व्हॅसलीनची डबी आणि स्वच्छ मऊ धुडकं, एवढंच सामान. महिनाभरापूर्वी याच बाटलीतला एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून त्यांनी दोन दिवस वाट पाहिली होती. खाज नाही, पुरळ नाही, मगच हाताला लावलं. बाटली नवी असली की दर वेळी हे करतात.

गोऱ्या देशांत अंग सावळं दिसावं म्हणून जे लोशन घरोघरी लावतात, तेच हे. त्यातला मुख्य पदार्थ डायहायड्रॉक्सीअॅसिटोन, एक साधी साखर. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात इवा विट्गेनस्टाईन हा पदार्थ आजारी मुलांना औषध म्हणून पाजत होत्या. जिथे तो मुलांच्या अंगावर सांडला, तिथली कातडी काही तासांनी तपकिरी झाली, कपड्यावर मात्र डाग पडले नाहीत. त्यांनी तो स्वतःच्या हातावर लावून पाहिला. 1960 पर्यंत तो बाटलीत भरून दुकानात आला, आणि ज्यांना उन्हात न बसता उन्हाचा रंग हवा होता त्यांनी तो उचलला. कोड असलेल्यांना तो उपयोगी पडतो हेही डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं. कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. या साखरेला त्या पेशी लागतच नाहीत. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी जुळते आणि तिथेच रंग धरते. तो थर रोज थोडा थोडा झडतो, म्हणून रंगही झडतो. अंगावर आठवडाभर राहील, पण सतत धुतल्या जाणाऱ्या हातावर चार दिवस.

ताईंनी कोमट पाण्यात हात बुडवले आणि ओल्या धुडक्याने नुसते टिपून घेतले. सहसा सांगतात की हे लावण्याआधी कातडी खरखरीत काहीतरी घेऊन घासावी, म्हणजे रंग सारखा बसतो. ताईंना ते चालत नाही. कोडाच्या अंगाला जिथे घासलं, खरचटलं, सतत दाबलं जातं, तिथे नवा डाग उठू शकतो. त्यांचा पहिला डाग अंगठ्यावर आला, बरोबर जिथे कात्रीची कडी रुतते तिथे. आता त्या कडीला चिंधी गुंडाळतात. पोटासाठी धरलेल्या कात्रीनेच ती जागा निवडली, हे ऐकून मला गलबलून आलं. त्यांनी ते सहज सांगितलं आणि व्हॅसलीन उघडलं.

पेरांवर, नखांच्या कडेला आणि मनगटाच्या घडीत त्यांनी अगदी पुसट व्हॅसलीन फिरवलं. तिथली कातडी जाड, कोरडी. ती जास्त रंग पिते आणि काळपट पडते. मग काडीचं टोक लोशनमध्ये बुडवून, बाटलीच्या काठावर निथळून, त्यांनी डागाच्या मधोमध ठेवलं आणि मधून कडेकडे सरकवत नेलं. काठापाशी आल्यावर हात थांबला. श्वासही थांबला असावा. ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावताना त्यांचा हात असाच थांबतो. लोशन डागाच्या बाहेर गेलं तर तिथली मूळची कातडी आणखी गडद होते आणि डागाभोवती काळी रेघ उमटते. डागाच्या आत राहिलं तर पांढरी रेघ. "शिलाई काठावरच आली पाहिजे," त्या म्हणाल्या, "ना आत, ना बाहेर."

एक डाग, मग दुसरा. अर्धा तास गेला. ओठ, डोळ्यांजवळची जागा आणि चिरलेली कातडी यांना हे लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. ओठाच्या कोपऱ्यावर त्यांना एक डाग आहे. त्याला त्या हात लावत नाहीत.

पंखा चालू होता. घाम आला तर रंगाचे ओघळ पडतात, म्हणून उन्हाळ्यात हे काम रात्रीचंच. लावून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे नाहीत, पालथे ठेवले, बोटं फाकवून, आणि नुसत्या बसल्या. दहा वर्षांत मी त्यांचे हात रिकामे कधी पाहिले नव्हते. सुनेने पाणी पाजलं. नातू मांडीवर यायला लागला तर त्याला कोपराने अडवलं. तासभर काहीच दिसेना. हात होते तसेच पांढरे. मला वाटलं बाटली जुनी झाली असावी.

"कामून घाई करता," त्या म्हणाल्या.

साडेदहाला त्यांनी लोशनचा दुसरा हात दिला, पहिल्याइतकाच पातळ. एकदम जाड लावलं तर नारिंगी दिसतं, म्हणून पातळ आणि पुन्हा पातळ. आमच्याकडच्या गव्हाळ, सावळ्या रंगाला जुळायला दोन-तीन हात लागतातच. अकराच्या सुमाराला खोलीत एक वास आला. तव्यावर जरा जास्त वेळ राहिलेल्या भाकरीचा. मी चुलीकडे पाहिलं, गॅस बंद होता. वास त्यांच्या हातांना येत होता. भाकरीला तव्यावर खरपूस ठिपके पडतात तेव्हा तिथे साखर आणि प्रथिनं जुळतात. कातडीवर तेच घडत होतं, फक्त आगीशिवाय आणि सावकाश. तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्या घरात इतकी वर्षं मला नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचाच वास आला होता.

त्या वासात त्या बोलत्या झाल्या. वीस वर्षांच्या असताना आईने कुणाच्यातरी सांगण्यावरून बावचीचा लेप लावून त्यांना उन्हात बसवलं. बावची कातडीला उन्हाबाबत फार हळवी करते. हातावर फोड आले, महिनाभर कात्री धरता आली नाही. पुढे कुणी दूध-मासे सोडायला सांगितलं, कुणी हमखास इलाजाची पुडी विकली. या पुड्यांवर गेलेला पैसा त्यांनी मोजला नाही. मला मात्र संताप येतो. कोड संसर्गाने पसरत नाही, ते शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या गडबडीने होतं, हे आता पक्कं ठाऊक आहे. तरी "श्वेतकुष्ठ" या चुकीच्या नावाने त्याला महारोगाच्या पंगतीत बसवणारे अजून आहेत. दुसरीकडे, पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, श्वेता असोसिएशन उभी केली आणि कोड असलेल्या मुलामुलींचे वधू-वर मेळावे घेतले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2006 मध्ये "नितळ" हा चित्रपट याच विषयावर केला. ताईंनी तो पाहिलेला नाही.

मी विचारलं, रोज का नाही लावत?

"रोज कशाला? गल्लीला माहीत आहे, गिऱ्हाइकाला माहीत आहे. लग्नात नवी माणसं असतात. ताटात वाढायला गेलं की हात आधी बघतात, मग ताट मागं घेतात." मागे एका पुतणीच्या हळदीला पाच सवाष्णींमध्ये त्यांचं नाव घेतलं, आणि आयत्या वेळी सहावी कुणीतरी उभी केली. हे सांगताना हात तसेच पालथे होते. "मला चार दिवस पुरतात."

याला लपवणं म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. ज्यांनी ताट मागे घेतलं त्यांना कुणी काही विचारत नाही आणि कापसाच्या काडीने काठ सांभाळणाऱ्या बाईला मात्र स्वतःला स्वीकारण्याचे धडे देतात.

सकाळी सहाला पुन्हा गेले. साध्या पाण्याने हात धुतल्यावर पाणी किंचित पिवळट झालं. खाली हात गव्हाळ. डाव्या करंगळीपाशी लोशन काठाबाहेर गेलं होतं, तिथे केसाएवढी काळी रेघ. "इथं टाका सुटला," त्या म्हणाल्या आणि सोडून दिलं. घासून काढायचं नाही. मग वरून उन्हाचं क्रीम लावलं आणि बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचा सदरा घातला. हा रंग उन्हाला अडवत नाही, आणि पांढऱ्या डागाला जालन्याचं ऊन मिनिटांत भाजतं. रंग दिसला म्हणून रक्षण झालं, असं समजणाऱ्यांची इथेच फसगत होते.

हळदीला मीही गेले. या वेळी पाच सवाष्णींत त्या होत्या. नवरीच्या गालाला हळद लावली, उरलेली आपल्याच हातांवर पुसली, आणि मांडवातल्या सगळ्या बायकांचे हात पिवळे झाले.

पाचव्या दिवशी ब्लाउज आणायला गेले तेव्हा नळ नुकताच आला होता. पिंप भरत होतं. ताई न्हाणीत बसून लग्नघरचं धुणं धूत होत्या, कोपरापर्यंत फेसात. "आत या, मशीनवर ठेवलाय तुमचा," त्यांनी हाक दिली आणि हात वर न काढता पुढची चादर ओढली.