सूक्ष्मदर्शकाचा दिवा कोणी बदलायचा?

आमची एक भाची वेल्ह्याकडची. पुण्यात एम. एस्सी. करते. प्रकल्पासाठी तिला पेशींच्या स्लाइड्स मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या होत्या. कॉलेजात तसे यंत्र नाही, म्हणून दुसऱ्या एका संस्थेत तीन आठवडे आधी नंबर लावला. ठरल्या दिवशी स्लाइड्स फॉइलमध्ये गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ती पोचली, तर यंत्राचा दिवा गेलेला! "उद्या या" असे करता करता आठवडा गेला. शनिवारी शेवटच्या एस.टी.ने नसरापूरमार्गे घरी आली नि म्हणाली, "मामा, स्लाइड्स फिक्या पडल्या. आता सगळं पहिल्यापासून."

या कामात पेशींना चमकणारा रंग लावतात. उन्हात वाळत घातलेली साडी विटते तसा हा रंगही दिवसागणिक उतरतो. महिनाभराची मेहनत एका दिव्यापायी गेली.

मी बी. कॉम. झालेला कारकून. विज्ञान हा माझा प्रांत नव्हे, पण डेडस्टॉक रजिस्टर मला कळते. यंत्र आले की नोंद होते, हार घालून फोटो निघतो. पुढे दिवा, दुरुस्ती आणि यंत्र चालवणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, याचा कागद मात्र टेबलावरून टेबलावर फिरतो.

जुन्या यंत्रांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. तो दोन-तीनशे तास टिकतो. एकदा बंद केला की थंड होईपर्यंत पुन्हा लावता येत नाही. एल.ई.डी. दिवा हजारो तास चालतो. यंत्राचा सांगाडा आणि भिंगे चांगली असतील तर दिवा, कॅमेरा, संगणक एवढेच बदलून जुने यंत्र कामाचे होते. नवे घेतले तरच सुधारणा झाली, हा गैरसमज आहे. भिंगांना मात्र जपावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यात पेटीतल्या चपलांवर बुरशी धरते, तशी ती भिंगावरही धरते.

ही गोष्ट फक्त विद्यापीठाची नाही. क्षयाच्या थुंकीतपासणीसाठीही एल.ई.डी.चे सूक्ष्मदर्शक आणावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये सांगितले. जुन्या पद्धतीत जंतू हजारपट मोठा करून शोधावा लागे. चमकणाऱ्या रंगामुळे तो कमी पटीतही दिसतो, म्हणून एका नजरेत जास्त जागा तपासून होते.

काही कामांना मात्र नवेच यंत्र लागते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ही मर्यादा ओलांडणाऱ्या बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा यंत्रांची किंमत कोटीत जाते. समजा 2 कोटींचे यंत्र 10 वर्षे चालले. वर्षाला 2000 तास वापरले तर ताशी 1000 रुपये पडले. एकाच विभागाने कुलपात ठेवून 200 तास वापरले तर ताशी 10,000! म्हणून ते सर्वांसाठी उघडे हवे.

तशी दारे आहेत. पवईच्या आय.आय.टी.त बाहेरच्या संशोधकांचे नमुने तपासणारे केंद्र कित्येक वर्षे आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर आहे. जानेवारी 2020 पासून 'आय-स्टेम' या सरकारी संकेतस्थळावर कोणते यंत्र कुठे आहे ते पाहून नंबर लावता येतो. बंधू-भगिनींनो, घरात कोणी विज्ञान शिकत असेल तर त्याला हे जरूर सांगा. पुष्कळ मुलांना आपल्या कॉलेजच्या फाटकापलीकडे काय आहे ते ठाऊकच नसते.

भाचीने पुन्हा स्लाइड्स करायला घेतल्या आहेत. या वेळी डब्यात बर्फ भरण्याआधी ती फोन करून विचारणार आहे, "साहेब, दिवा लागतोय ना?"