उन्हाने टाकी फुटत नाही, पण पेट्रोलची स्वतःची ठिणगी असते

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 45 अंशांकडे सरकला की मोबाइलवर मेसेज फिरू लागतो: टाकी फुल्ल करू नका, उन्हाने स्फोट होईल. ही अफवा असल्याचं इंडियन ऑइलने जाहीर केलेलं आहे. नुसत्या उष्णतेने पेटायला पेट्रोलला सुमारे 250 अंशांच्या पुढचं तापमान लागतं. त्याची वाफ मात्र उणे 40 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेते. म्हणजे भीती बाळगायची ती ठिणगीची, आणि ती पेट्रोलच्या वाहण्यातूनही पडू शकते.

‘पातळ पदार्थात कसली आलीय वीज? ती घासल्यावर तयार होते,’ असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात द्रव घन पृष्ठभागाला नुसता टेकला, तरी दोघांत विद्युतभाराची देवाणघेवाण होते. एका प्रकारचे आयन पृष्ठभागाला चिकटतात, विरुद्ध प्रकारचे द्रवात उरतात. काही वेळा इलेक्ट्रॉनही थेट इकडून तिकडे जातात. द्रव वाहू लागला की आपल्या वाट्याचा भार सोबत नेतो. मेलबर्नच्या संशोधकांनी 2025 मध्ये टेफ्लॉनवर पाणी सरकवून पाहिलं. पाणी बारीकशा अडथळ्यापाशी अडकतं, मग झटक्यात पुढे सरकतं. त्या झटक्यात आधीच्या अंदाजापेक्षा दहापटीपर्यंत जास्त भार निर्माण झाला. तरीही तो अगदी किरकोळच होता.

‘मग पीव्हीसी पाइपातल्या पाण्यामुळेच विहिरीवरच्या मोटारीजवळ शॉक बसतो का?’ नाही. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून भार लगेच निघून जातो. मोटारीला किंवा पाइपाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ते विजेचं लीकेज आहे. ‘थोडा करंट येतोच’ म्हणून ते सोडून देऊ नका, त्यात जीव जातो. मेन स्विच बंद करून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

पेट्रोल-डिझेलची गत उलटी. त्यातून वीज जवळपास वाहतच नाही, त्यामुळे आलेला भार साचून राहतो. म्हणूनच मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या डेपोत टँकरला आधी अर्थिंगचा क्लॅम्प लावतात आणि नळीचं तोंड इंधनात बुडेपर्यंत भरण्याचा वेग सेकंदाला 1 मीटरच्या आत ठेवायचा असतो. ‘डिझेलला एवढं कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषण मानक आलं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात 50 भागांवरून 10 वर उतरली. गंधक काढताना वीज वाहून नेणारे घटकही कमी होतात, म्हणून खास रसायन मिसळलं नाही तर भार जास्त वेळ टिकतो. दुसरं म्हणजे, टँकरच्या आधी पेट्रोल असलेल्या कप्प्यात डिझेल भरलं, तर उरलेली पेट्रोलची वाफ आणि डिझेलचा भार एकत्र येतात. टँकर भरतानाचा हा सगळ्यात धोक्याचा क्षण.

आता आपल्या हातातला भाग. फवारणी पंपासाठी कॅनमध्ये पेट्रोल घेताना अनेकजण कॅन पिकअपच्या प्लास्टिक मॅटवर किंवा डिकीतच ठेवतात. कॅन धातूचा असला तरी तिथून भाराला जमिनीत जायला वाट मिळत नाही. कॅन खाली जमिनीवर ठेवा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या, सावकाश भरायला सांगा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागूच नका, आणि पेट्रोल पंपावरच्या पोराने नकार दिला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.