पुण्याची चौपाटी

पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी आली, की सिंहगड रस्त्याने निघालेल्या गाड्या खडकवासल्याच्या चौपाटीपाशी येऊन तुंबतात. समुद्र घाटाखाली राहिला, तरी पुणेकरांची चौपाटी हीच. शेगडीवर कणीस तडतडत असतं, तिखट-मीठ लावलेली लिंबाची फोड त्यावर चोळली जाते आणि शेजारच्या कढईतून कांदाभजीचा घाणा निघतो. पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथले छात्र याच पाण्यात शिडाच्या होड्या चालवायला शिकतात.

मुठेवरचं हे दगडी धरण 1879 च्या सुमारास पुरं झालं. फाइफ नावाच्या लष्करी अभियंत्यावरून इंग्रज त्याला ‘लेक फाइफ’ म्हणत. पुढे साठा कमी पडू लागला. भिंत न वाढवता पाणी जास्त साठवायचं कसं? मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले: पाणी ठरावीक पातळीवर पोचलं की आपोआप उघडणारे, उतरलं की मिटणारे. ते वर्ष 1903. म्हैसूरच्या कृष्णराजसागराचं कौतुक सगळे करतात, पण हा प्रयोग आधी इथे झाला.

12 जुलै 1961 ला वरचं पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही, तेही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजचं धरण त्यानंतर पुन्हा बांधून काढलेलं.

गंमत म्हणजे पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांत हे सर्वांत लहान. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साठा सुमारे 29 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम 2. पण वरच्या तिघांचं पाणी इथेच येतं आणि इथूनच पुण्याच्या नळांना आणि कालव्यातून दौंड-इंदापूरच्या शेतांना जातं. पावसाळ्यात इथून विसर्ग वाढवला, की शहरातला भिडे पूल पाण्याखाली जातो.

इतकं असूनही काठावर कणसांची बुरकुंडं, चहाचे कप आणि वेफर्सची पाकिटं पडलेली असतातच. हे पिण्याचं पाणी आहे. तेव्हा जाताना गाडीत एक रिकामी पिशवी ठेवा, केलेला कचरा घरी आणा. आणि पोहण्याचा मोह टाळा. या जलाशयात बुडून माणसं गेली आहेत.