पठारावर गावे बसविणारा लछमन नाईक

बाघ नदीच्या काठी, बालाघाट जिल्ह्याच्या सीमेवर, राजेगाव आहे. अलीकडे गोंदिया, म्हणजे महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही काठ एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. सीमा पडली, धानाच्या बांध्या आणि पोवारी बोली मात्र दोन्हीकडे तशाच राहिल्या.

हे पोवार स्वतःला आपल्या माळव्याचे, धारचे म्हणवितात. नागपूरजवळ नगरधन येथे ते आधी स्थिरावले, भोसल्यांच्या कटक मोहिमेत लढले आणि बक्षिसादाखल वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या, अशी त्यांची परंपरा. पण नाव झाले ते तलवारीने नव्हे, तलाव बांधण्याने.

याच मुलखाच्या वरच्या अंगाला परसवाड्याचे पठार. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे घनदाट रान होते. लछमन नाईक नावाच्या माणसाने तेथे पहिली गावे वसविली. इंग्रजी ग्रंथांनी त्याची बोळवण एका वाक्यात केली आहे! वास्तविक गाव वसविणे म्हणजे केवळ नांगर धरणे नव्हे. कुळे जमवायची, बी-बियाणे पुरवायचे, सरकारशी साऱ्याची बोली करायची, भांडणे तोडायची. यालाच आपण आज राजकारण म्हणतो.

मात्र ते रान ओसाड होते, असे मी म्हणणार नाही. बैगा तेथे बेवर करून पिके काढीत होते, आणि घडीव दगडांचे एक प्राचीन मंदिरही तेथे उभे होते. नव्या गावांचा हिशेब मांडताना त्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही.

१८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला. इंग्रजांनी मालगुजारांना मालकी हक्क दिले. १८८३ च्या कायद्याने स्थानिक मंडळे आली, आणि गावचा मालगुजार जिल्ह्याच्या कारभारात बोलू लागला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. मी दरबारी गवयाचा मुलगा. सनद एका रात्रीत कशी कागद होते, हे घरी पाहिले आहे. तरी कुळांच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

तलाव तेवढे पोरके झाले. भंडारा-गोंदियाकडे ‘माजी मालगुजारी’चे आद्याक्षर घेऊन त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कित्येक मामांच्या पोटात आता गाळ साचला आहे, आणि तो कोणी उपसायचा यावर गावकरी आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवितात.